नव्या साखळ्यांचा हेवा

मित्रांनो, हेवा वाईट असे तुमच्या पुस्तकांत लिहिलेले असते, आणि पुस्तके सहसा खोटे बोलत नाहीत. तथापि एखाद्याला स्वतःच्याच पायांचा हेवा वाटला, तर त्याने काय करावे, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नाही. म्हणून माझी हकिकत मीच सांगतो.

दगडाच्या खाणीत राबणारा मी एक जुना लोडर आहे. मला चाके नाहीत. दोन्ही बाजूंच्या रुंद पोलादी साखळ्यांवर मी चालतो. पुढे सुपासारखी मोठी बकेट, मागे धुरकट इंजिन. तरुणपणी मी फोडलेला दगड उचलून ट्रकमध्ये टाकू लागलो की लोक हातातले काम सोडून बघत राहत. हे मी फुशारकीने सांगत नाही. कौतुकाची चव मला ठाऊक होती, एवढेच दाखवायचे आहे. ज्याला ती चव ठाऊक नाही, त्याला हेवा कसा वाटणार?

खाणीच्या मालकीणबाई या माझ्या चालकाच्या थोरल्या भावाच्या पत्नी. तो भाऊ गेल्यापासून खाण त्याच सांभाळीत. त्या चालकाला ‘भाऊजी’ म्हणत, म्हणून सारी खाण त्याला भाऊजी म्हणू लागली. वजनकाट्यावरचे आजोबासुद्धा, जे वयाने त्याच्या वडिलांसारखे होते. भाऊजींची एक रीत होती. रोज सकाळी चढण्यापूर्वी ते माझ्या इंजिनाच्या झाकणावर तळहात टेकवीत आणि म्हणत, “चला, उठा.” त्या स्पर्शावर माझा दिवस निघे.

वर्षानुवर्षांच्या चालण्याने साखळ्या झिजल्या. कड्यांमधल्या खिळी बारीक झाल्या, साखळी लांबली, आणि वळताना ती जागेवरून निसटू लागली. एकदा ऐन चढावर निसटली, तेव्हा मालकीणबाई, म्हणजे भाऊजींच्या वहिनी, स्वतः तेथे आल्या.

“भाऊजी, आज पुन्हा उतरली?”

“उतरली नाही वहिनी, जरा विसावली.”

“विसावायला हे काय तिचं माहेर आहे? हे बघा, नव्या साखळ्या मागवते. पण त्यानंतरही याची रडगाणी चालू राहिली, तर हा भंगारात जाईल. आणि तुम्हाला दुसरं काही चालवता येत नाही, हे तुम्हीही जाणता आणि मीही. मग दिरा-भावजयीचं नातं मध्ये आणायचं नाही.”

भाऊजींनी माझ्या झाकणावर हात ठेवला. तो थंड होता.

नव्या साखळ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर मिस्तरी आले. त्यांनी माझ्या पायांतला चिखल खरवडून काढला, ताण सैल केला, जुन्या साखळीची मुख्य खीळ घणाने ठोकून बाहेर काढली. साखळी सुटली आणि जमिनीवर सपाट पसरली. मिस्तरींनी तिच्या टोकाला नवी साखळी मांडली आणि भाऊजींनी मला हळूहळू तिच्यावर नेले. मग तिचे टोक मागच्या दात्यांच्या चाकावरून ओढून, वरून पुढे आणून, पुढच्या चाकापाशी खिळीने जोडले. असे दोन्ही बाजूंना झाले. जुन्या साखळ्या कुंपणाशी पडल्या. त्यांनी मला इतकी वर्षे वाहून नेले होते. त्यांच्याकडे मान वळवून कोणी पाहिले नाही.

नव्या साखळ्यांकडे मात्र सगळ्यांनी पाहिले. ट्रकवाले वाकून पाहत. वहिनी म्हणाल्या, “आता कसा ऐटदार दिसतोय!” दिसतोय म्हणे! दिसत होत्या त्या साखळ्या. मी त्यांच्यावर बसलेला एक जुना डबा होतो. धाकटे भावंड घरात आले की थोरला कोपऱ्यात उभा राहून पाळण्याकडे पाहतो, तशी माझी दशा झाली. आणि दुसऱ्या सकाळी भाऊजींचा तळहात प्रथम साखळीवर पडला. झाकणावर पडलाच नाही.

मिस्तरी निघताना साखळीच्या वरच्या भागाला किंचित झोळ देऊन गेले होते. वजनकाट्यावरच्या आजोबांच्या नजरेतून तो सुटला नाही.

“काय भाऊजी, नवा पायजमा शिवला आणि नाडी बांधायची राहिली वाटतं?”

लोक हसले. भाऊजी कानापर्यंत लाल झाले. त्यांनी ग्रीसचा पंप आणला आणि ताण देणाऱ्या नळीत ग्रीस भरत राहिले. साखळी वर उचलली गेली, सरळ झाली, रेघेसारखी ताठ झाली.

“आता कसं!” आजोबा म्हणाले. “इस्त्री केल्यासारखी.”

तेव्हापासून भाऊजींना तो नादच लागला. जरा झोळ दिसला की पंप. फडक्याने पुसणे, कडेला उभे राहून एक डोळा मिटून रेघ पाहणे. मी मनात म्हणे, माझ्यासाठी कधी एक डोळा मिटला होता काय? परंतु मत्सराहून मोठे दुःख पायांत होते. त्या साखळ्या मला आवळीत होत्या. एकेक पाऊल मला ओढून काढावे लागे. इंजिन धापा टाकी, डिझेल जास्त जाई, पुढचे चाक तापून निघे. वळताना मी किंचाळे. आणि मित्रांनो, दोष कोणाला मिळाला? मला!

“साखळ्या तर उत्तम आहेत,” वहिनी म्हणाल्या. “इंजिनच म्हातारं झालंय. भाऊजी, मी ठरवलं. साखळ्या काढून ठेवू, कोणीतरी घेईल. बाकीचा भंगारात.”

बाकीचा! ‘बाकीचा’ म्हणजे मी. ज्यांच्यामुळे मी गुदमरत होतो, त्या राहणार होत्या. मी जाणार होतो. असा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? भाऊजी मान खाली घालून एवढेच म्हणाले, “वहिनी, साखळ्या काढायला मिस्तरींनाच बोलवा. ज्यांनी घातल्या, त्यांनीच काढाव्यात.”

मिस्तरी आले. भाऊजींनी मला त्यांच्यापुढे चालवत नेले. मिस्तरी माझा आवाज ऐकत थांबले. मग बोट ओले करून त्यांनी पुढच्या चाकाला लावले. बोट चुर्र करून मागे आले. त्यांनी एक सरळ सळई साखळीच्या वर आडवी ठेवली. सळई आणि साखळी यांच्यामध्ये कागदही शिरला नसता.

“भाऊजी, ही साखळी आहे की तंबोऱ्याची तार?”

“ढिली बरी दिसत नाही हो.”

“दिसायला ती काय गळ्यातला हार आहे? तिला चालायचंय. तीन बोटं झोळ हवा. हा बिचारा सगळा जोर तिला ओढण्यातच घालवतोय, दगड काय उचलणार? आणि आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, तर साखळीही खलास.”

“इतकी पुसली, इतकी जपली…” भाऊजी पुटपुटले.

“जपलीत कुठे? आवळलीत.”

मिस्तरींनी ग्रीसच्या नळीची झडप थोडी सैल केली. ग्रीस गांडुळासारखे वळवळत बाहेर आले. साखळी हलकेच खाली झुकली आणि मी, खरे सांगतो, तरुणपणानंतर प्रथमच पुरता श्वास घेतला. भाऊजींनी मला चढावर नेले. मी बकेट भरून वर आलो, किंचाळलो नाही. वहिनी बघत होत्या. त्या मिस्तरींना म्हणाल्या, “चहा घेऊन जा. काढायचं काही नाही आता.” आणि भाऊजींकडे न पाहता, “नाडीचं ऐकत बसू नका लोकांचं.”

आता भाऊजी रोज सकाळी साखळीवर सळई ठेवतात आणि तिच्याखाली तीन बोटे घालून पाहतात. नंतर माझ्या झाकणावर तळहात टेकवतात. नंतर! पहिला स्पर्श अजून तिलाच मिळतो, आणि तो मला अजून सलतो. हे लपवण्यासारखे मला काही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळ जे आहे, ते यंत्र असो, सायकल असो की घरातले धाकटे भावंड, त्याला जपा. पण लोक हसतील म्हणून आवळू नका. माझ्या हेव्यालाही मी आता तीन बोटे झोळ दिला आहे. तो गेलेला नाही. माझ्याबरोबर चढ चढतो, उतरतो; फक्त वळताना किंचाळत नाही.