धुक्यात कोण उभं आहे

ठकी गेली तेव्हा आमच्या गेममधली गल्ली अर्धीच झाली होती. ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण. घरं, दारं, दिवे सगळं ती करायची, मी कोड लिहायचो. गल्लीचा पलीकडचा भाग तिने नुसता मांडून ठेवला होता, मग हॉस्पिटल, आणि मग काहीच नाही. तो भाग उघडून बघायचं माझ्या जिवावर आलं. मी सरळ त्याच्यावर दाट धुकं सोडलं, मध्ये एक कुंपण घातलं आणि काम संपवलं.

लहानपणी आम्ही दोघं जे भीतीचे गेम खेळायचो त्यांतही धुकंच असायचं. त्या वेळच्या मशीनना लांबचं दाखवणं झेपायचं नाही म्हणून. आम्ही एका पांघरुणात बसून किंचाळायचो आणि आई दाराशी येऊन म्हणायची, "एवढी फाटते तर खेळता कशाला, मेल्यांनो?" आमच्या गेममध्ये आम्ही तिथलंच उचललं होतं. कोपऱ्यातून बघणारा कॅमेरा, जड पावलं, खिशात बंदुकीच्या मोजक्या गोळ्या. मोठं काही नव्हतं त्यात.

गेम बाहेर आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. कुठली गोष्ट कुठून आली यावर शहाण्यांनी पानंच्या पानं लिहिली. दारं माणसाच्या मानाने फार उंच आहेत, त्यामुळे खेळणारा खुजा वाटतो, हा म्हणे जुन्या भयपटांचा संस्कार. आणि गल्लीच्या टोकाला धुक्यात एक माणूस उभा दिसतो. हलत नाही, जवळ येत नाही. सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, असं जो तो लिहीत होता. असेल एखादा खांब, मी म्हटलं.

मला आनंद वगैरे झाला नाही. त्या दिवसांत मला काही होतच नव्हतं. पुढ्यात आलं की जेवायचो. आमच्या बाथरूमचं दार बुटकं आहे, माझं डोकं तिथे रोज आपटतं. ठकी असताना मी त्यावरून घर डोक्यावर घ्यायचो आणि ती खो खो हसायची. आता आई विचारायची, "लागलं का रे?" मी म्हणायचो, "नाही." खरंच लागत नव्हतं.

मग गेम विकणाऱ्या कंपनीच्या साहेबाचा फोन आला. "पुढच्या आवृत्तीत तो धुक्यातला माणूस अंगावर आला पाहिजे. हातात कोयता-बियता दे. तुला जमत नसेल तर आमचा चित्रकार अख्खी गल्ली नव्याने करेल. जुनं सगळं काढून टाकू."

जुनं सगळं म्हणजे ठकीचं. "कळवतो," म्हटलं.

दुपारी गेम लावला आणि कुंपणापाशी जाऊन नुसता बघत बसलो. आई शेजारी मटार सोलत होती. तिने मान वर केली.

"अरे, तू तिथे काय करतोयस?"

"कुठे?"

"तो काय टोकाला. एक खांदा पाडून, पोट पुढे काढून."

"आई, खांब आहे तो."

"नऊ महिने पोटात वाढवलाय तो खांब. मला शिकवू नकोस."

धुकं म्हणजे शेवटी एक आकडा असतो. मी तो शून्य केला.

गल्ली उघडी पडली. बिनरंगाची, बिनखिडक्यांची घरं, नुसती खोकी. आणि टोकाला, एका अर्धवट दारात, मी. बाह्या ताणलेला तोच टीशर्ट, पट्टा तुटलेली तीच चप्पल. पोटाच्या बाबतीत तर बाईसाहेबांनी हात अजिबात आखडला नव्हता. घरं उभी करताना मापाला एक माणूस ठेवतात, दार केवढं, पायरी केवढी ते कळावं म्हणून. सगळे तयार पुतळा वापरतात. ठकीने मला घेतलं होतं, आणि गल्ली वाढेल तसं पुढे पुढे सरकवलं होतं.

आई चष्मा सावरून स्क्रीनजवळ आली.

"दार बरं केलंय ऐसपैस," ती म्हणाली. "इथे नाही हो आपटायचं तुझं डोकं."

त्याच्या डोक्यावर चांगली वीतभर जागा होती. आधीची सगळी दारं याच मापाची. धुकं परत होतं तसं केलं आणि साहेबाला फोन लावला.

"तो अंगावर येणार नाही. आणि गल्लीला कोणी हात लावायचा नाही. ती मी पुरी करेन."

"मग तो माणूस करतो तरी काय?"

"काही नाही. उभा असतो."

"चक्रम आहेस," साहेब म्हणाला, पण "बघू" असंही म्हणाला.

फोन ठेवून तोंड धुवायला उठलो. वाकायचं राहिलं. खाडकन आवाज झाला.

"लागलं का रे?" आईने मटारातून मान वर न काढता विचारलं.

मी तिथेच चौकटीला धरून खाली बसलो.

"हो गं आई," मी म्हणालो. "खूप लागलं."