न उचललेला फोन

लाँड्रीवालीला गल्लीत सगळे 'तारऑफिस' म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. नवरा धुतलेले कपडे गाडीत घालून पोचवायला निघाला, की ही काउंटरवरून फोन लावायची. दवाखान्याचे पांढरे कोट आधी द्या, हॉटेलच्या चादरी मोजून घ्या, घोटभर पाणी तरी प्या. फोन लगेच उचलला नाही, तर हिचा जीव टांगणीला. मन चिंती ते वैरी न चिंती. हिला लागलीच उलटलेली गाडीच दिसायची.

नवरा बिचारा भला माणूस. बायकोच्या जिवाला घोर नको, म्हणून तो धावत्या गाडीतही फोन उचलायचा. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा कानाशी. काळजीवरचा हा उतारा दोघांनी मिळून काढला होता आणि दोघांना त्याचं कौतुकही होतं.

त्या दिवशी तिने फोन केला तो एका मोज्यासाठी.

"अहो, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय. निळा मोजा गाडीत राहिलाय का, बघा जरा."

"थांब, बघतो," तो म्हणाला, आणि ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला. काहीतरी आपटलं. मग नुसते हॉर्न.

ती "अहो, अहो" करत राहिली. किती वेळाने कोण जाणे, त्याचा आवाज आला.

"सायकलवर पोरगी होती गं. मी मागे वळून मोजा बघत होतो. वाचली. नुसतं खरचटलंय."

तो घरी आला. तिने त्याचे हात आपल्या हातांत धरले.

"मोज्यापायी कुणाची तरी लेक गेली असती. मी फोन करायलाच नको होता."

"आणि मी उचलायला नको होता."

तेव्हापासून फोन आवाज बंद करून मागे गाठोड्यांत जातो. गाडी उभी केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

पण जित्याची खोड ती! एका दुपारी तिच्या बोटांनी सवयीने फोन लावलाच. रिंग वाजत राहिली, वाजून वाजून थांबली. जुनी धडधड सुरू झाली. तिने डोळे मिटले. या वेळी मात्र उलटलेली गाडी दिसली नाही, रस्त्याकडे बघणारा नवरा दिसला. तिने इस्त्री उचलली.

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "गाडी उभी केलीय. काय म्हणत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "उचलला नाहीत ना, जिवाला बरं वाटलं."