लाल ट्रॉलीतलं पाणी

तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडला आणि चर्र झालं. सकाळपासून घरात उमटलेला तेवढाच आवाज. खराडीतल्या सातव्या मजल्यावरच्या त्या घरात चैताली आणि तिचे सासरे आबा रात्रीपासून एकमेकांशी बोलले नव्हते.

भांडण नव्हतं. केसनंदच्या शेतात मका चिकात आला होता, चाऱ्यासाठी कापायला तयार. शनिवारी कुट्टीचं यंत्र येणार, आणि कुट्टी मुरघासाच्या, म्हणजे चारा दाबून आंबवायच्या, खड्ड्यापर्यंत वाहायला स्वतःची ट्रॉली नव्हती. जुनी घ्यायचं ठरलं होतं. निवडायला चैतालीचा नवरा अनिरुद्ध येणार होता, पण कंपनीनं त्याला चेन्नईला धाडलं. रात्री फोनवर तो म्हणाला, "आबा, चैताली येईल की बरोबर." तेव्हापासून आबा गप्प.

चैतालीनं घावनासाठी तव्यावर तेल सोडलं. ते नेहमीसारखं एका कडेला पळालं.

"आई, तेल का पळतं?" स्टुलावर उभ्या पाच वर्षांच्या जुईनं विचारलं.

"शेगडी तिरकी असेल, नाहीतर तवा वाकडा." चैतालीनं सांडशीनं तवा अर्धा फिरवला. तेल तव्याबरोबर फिरलं आणि तव्याच्या त्याच कडेला थांबलं. "बघ, शेगडी बिचारी सरळ आहे."

आबांनी पेपरातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

वाघोलीत नगर रस्त्याला लागून शंभूशेठचं जुन्या अवजारांचं आवार होतं. चैताली जुईला घेऊन गाडीतून उतरली, तरी शेठनी आबांनाच नमस्कार केला. "मालक, पोरगा नाय आला? म्हंजे आज निस्तं बघायला आलाय म्हना."

"घ्यायला आलोय," चैताली म्हणाली.

सगळ्यांत पुढं लाल ट्रॉली उभी होती. कडेला उंच जाळीचे फाळके, टायर जवळजवळ नवे, रंग कालचाच वाटावा असा. आबांनी गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला. "हीच," ते म्हणाले. "आपल्या गोठ्यासमोर शोभंल."

चैतालीला शोभेचं काही नव्हतं. गेल्या वर्षी शेजारच्या रानात भरलेली ट्रॉली रिकामी करायला जॅकवर उचलताना आडवी झाली होती. तिथं कोणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. आबा मात्र कुट्टी ओतताना कायम ट्रॉलीला खेटून उभे राहतात, शेवटची मूठ खड्ड्यात पडेपर्यंत. ते चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"शेठ, एक बादली पाणी मिळेल?"

"प्यायला जार हाय की, ताई."

"प्यायला नको."

ती फाळक्यावर चढली आणि तळाच्या मधोमध बादली रिकामी केली. पाणी जरा घुटमळलं, मग धार धरून मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन साचलं.

"जमीन उतरती हाय आमची," शेठ म्हणाले.

"असेल. मग तोंड फिरवून इथंच उभी करा."

"ताई, ट्रॉली घेताय का फ्लॅट? मुरघास वाहायचाय, पाणी न्हाय."

"शेठ, ऑफिसात मला पगारच चुका काढायचा मिळतो. इथं फुकट काढतेय, तर काढू द्या."

आबांना अचानक खोकला आला. खोकताना त्यांच्या मिशा हलत होत्या, हे तिनं पाहिलं.

कुरकुरत शेठनी ट्रॅक्टर जोडला आणि ट्रॉलीचं तोंड फिरवून ती त्याच जागी लावली. दुसरी बादली ओतली. जमीन उतरती असती तर पाणी आता ट्रॉलीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे जायला हवं होतं. ते पुन्हा मागच्या डाव्या कोपऱ्यातच गेलं. चैताली खाली वाकली. ताज्या रंगाखाली चेसीवर, तळाच्या लोखंडी सांगाड्यावर, वेल्डिंगचा जाडा वळ होता.

"आबा, चेसी पिळलेली आहे. भरून उचलली की डाव्या अंगाला झुकणार." तिनं आबांकडं पाहिलं. "आणि तुम्ही डावीकडंच उभे राहता."

आबांनी त्या वळावरून अंगठा फिरवला. मग शेठकडं न बघताच म्हणाले, "दुसरी दावा."

दुसरी निळी होती. रंग विटलेला, तळाला दोन ठिगळं, कोपऱ्यात जुन्या मुरघासाचा आंबूस वास. पाणी ओतलं तर ते चारी बाजूंना पसरलं आणि तिथंच चकाकत राहिलं. तोंड फिरवूनही तसंच. चैतालीनं जॅक वर घ्यायला लावला, हूक हलवून पाहिला, चाकं फिरवून पाहिली.

शेठ सवयीनं आबांकडं वळले. "मालक, हिचं कसं हाय..."

"मला नगा सांगू," आबा म्हणाले. "सूनबाईंशी बोला. मी निस्ता हमाल हाय."

बोलणी झाली. शेठचा ट्रॅक्टर निळीला जोडेपर्यंत आबांनी फोन लावला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुरू झाले. "अनिरुद्धा, सावकाश ये तू. झालं काम! न्हाय रं, मी न्हाय. तुझ्या बायकूनं. आरं, ट्रॉलीला तव्यावानी फिरवली तिनं!"

चैताली जुईच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसली. नाडी बांधलेलीच होती. तिनं ती सोडली आणि पुन्हा बांधली.

आबा ट्रॅक्टरवर ऐटीत बसून पुढं निघाले. चैतालीनं त्यांच्या मागं गाडी काढली. जुई मागच्या काचेला नाक लावून बसली होती. आवारात शेठ स्वतः फडकं घेऊन लाल ट्रॉलीत उतरले होते आणि कोपऱ्यातलं पाणी टिपत होते.

"आई," जुई म्हणाली, "आता ती लाल ज्यांना आवडेल, त्यांना कोण सांगणार?"