निळ्या दोऱ्याची चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. अंथरायची नव्हे, कमरेला गुंडाळायची. आमच्या टोंगा बेटांवर चटई बांधल्याशिवाय कोणी प्रार्थनेला जात नाही, आणि मयताला तर मुळीच नाही. सध्या मी जमिनीखाली आहे. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मला फुसीआत्याने विणलं. केवड्याची पानं उकळून, खाऱ्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून. तिचा भाचा मोसेसे याच्या लग्नात तिने मला नव्या सुनेच्या, लेसिएलीच्या कमरेला स्वतः बांधलं. बायकांनी माझ्या विणीवरून हात फिरवून पाहिला. ते दिवस बरे होते.

पुढे मी काठाला फाटले. लेसिएलीने नवऱ्याच्या जाळ्यातला निळा दोरा घेतला आणि मला शिवलं. रविवारी ते आत्याच्या नजरेत आलंच.

"अगं, ही चटई आहे की मासे धरायचं जाळं?"

"दुसरा दोरा नव्हता, आत्याबाई."

"दोरा नव्हता, का लाज नव्हती?"

बायका तोंडावर हात धरून हसल्या. लेसिएली त्या दिवशी घरात निष्काळजी ठरली ती ठरलीच.

मोसेसे लांबच्या बेटावर मासेमारीला गेला होता, लेसिएलीही बरोबर होती. तिथेच तो तापाने गेला. ती त्याला नावेतून घरी घेऊन निघाली. नावेच्या तळाशी पाणी साचलं होतं. तिने मला बांधलेली कमरेची काथ्याची दोरी सोडली आणि मला त्याच्या पाठीखाली सारलं. ती रडली नाही. मलाही काही वाटलं नाही. गार पाठीखाली पडून राहिले, इतकंच.

घरी माणसांनी त्याला माझ्यासकट उचलून पेटीत ठेवलं आणि वरून नव्या कोऱ्या चटया घातल्या. मी झाकली गेले. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"नवरा गेला, आणि ही बाई उघड्या कमरेनं आली."

"अगं, मी माझ्याकडची जुनी चटई पुढे केली तिला. हातसुद्धा लावला नाही."

"तोरा बघा."

आमच्याकडे मयताच्या डोक्याशी आत्या बसते आणि तिचा शब्द शेवटचा असतो. फुसीआत्या म्हणाली, "तिला दाराबाहेर बसवा. माझ्या भाच्याला ती शेवटचा मुका देणार नाही."

आत्याला उलट सांगायची आमच्यात रीत नाही, आणि लेसिएलीच्या अंगात बोलण्याइतकं काही उरलंही नव्हतं. ती उठली आणि बाहेर गेली. तिची पावलं मला ऐकू आली. तिची चटई त्याच्याजवळ आहे, एवढं मी सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण चटईला कुठलं तोंड.

भजनं संपली. झाकण लावायची वेळ झाली. आत्या मुका द्यायला वाकली, खांद्याजवळची नवी चटई सारखी करायला तिने हात घातला, आणि तिची बोटं माझ्या काठावर आली. निळ्या दोऱ्यावर थांबली. आपली वीण तिला ओळखू येणार नाही तर कोणाला?



"फुसी, झाकण लावायचं ना?" कोणीतरी विचारलं.

"थांबा," आत्या म्हणाली. "तिला आत बोलवा. तिची चटई इथे आहे, त्याच्या पाठीखाली. माझ्या हातची आहे." मग ती डोक्याजवळून सरकली. "ये पोरी. इथे माझ्या जागी बस."

लेसिएलीने त्याला मुका दिला. मग खाली हात घालून निळा दोरा चाचपला आणि हात काढून घेतला. वरून झाकण बसलं.

मित्रांनो, कोणाची कमर उघडी दिसली तर तिची चटई कुठे आहे, एवढं तरी आधी विचारा. आत्याने विचारलं नव्हतं. तिचा हात चुकून लागला, म्हणून कळलं.