वाटणीचं दूध

"ये रे राज्या, ये. भुकेजला ना माहा वाघ?"

थोरल्या जाऊबाईंनी, कौशल्याबाईंनी, पाळण्यातून माझं बाळ उचललं आणि माझ्याकडे पाठ करून त्या खांबाशी बसल्या. पाठ कशाला करायची? बाईपुढं बाईला कसली लाज? मी खाटेवर उताणी पडून होते. पायथ्याखाली विटा लावलेल्या, त्यामुळे पाय वर, डोकं खाली. तशात मला त्यांचा अंबाडा आणि बाळाची हलणारी टाच एवढंच दिसायचं. ऐकू मात्र सगळं यायचं. आधी घाईची ओढ, मग संथ घोट, मग मधेच एक समाधानाचा सुस्कारा.

माहा वाघ म्हणे. माहा!

बाळंतपणानंतर सव्वा महिनाही झाला नव्हता, तेव्हा माझा डावा पाय मांडीपासून सुजला. पांढराफटक, चकचकीत, चादरीचाही भार सोसवेना. सासूबाई म्हणाल्या, "वारं बसलं." सुईण आली. खाटेखाली शेगडी ठेवून, जवसाचं तेल लावून तिनं तो पाय रोज रगडला. मी बी.ए. झालेली, पण ओरडण्यापलीकडे काही केलं नाही. शेवटी यांनी तहसील कचेरीतून रजा काढली आणि मला मोहाडीहून भंडाऱ्याला नेलं. पाय बघताच डॉक्टरांनी विचारलं, "चोळला कोणी?"

शिरेत रक्ताची गाठ धरली होती. ती सुटून फुप्फुसात गेली तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं ते यांना म्हणाले. मला ऐकू येणार नाही अशा बेतानं, पण मला आलं. सुया झाल्या, सूज थोडी उतरली, रक्त पातळ करायच्या गोळ्या देऊन त्यांनी घरी सोडलं. निघताना आंबट-तिखटाचं पथ्य सांगावं तसं सांगितलं, "गोळ्या चालू आहेत तोवर अंगावर पाजू नका. बाळाला बाधेल."

घरात पाजती बाई दुसरी एकच होती. कौशल्याबाईंची मंदी वर्षाची झाली होती, अजून प्यायची. सासूबाईंनी निकाल दिला.

"मंदी पेज खाते आता. पोराले पाज."

कौशल्याबाईंनी कडुलिंबाचा पाला वाटला, अंगाला लावला आणि मंदीला जवळ घेतलं. मंदीनं तोंड लावलं, थुंकली, आईच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा लावलं, पुन्हा थुंकली. मग रडत रडत ओसरीवर गेली. बाई मोरीत जाऊन धुऊन आल्या आणि माझ्या मुलाला घेऊन बसल्या.

मला उपकार वाटायला हवे होते. वाटायचेही, सकाळी उठल्या उठल्या. मग तो पहिला घोट ऐकू आला की संपायचे. बाळाच्या टाळूला त्यांच्या तेलाचा वास यायला लागला. त्या अंगणातून बोलल्या तरी तो मान वळवायचा. मी हाक मारली तर वरच्या आढ्याकडे बघून हसायचा. दिवसभर पडल्या पडल्या माझं दुसरं काम काय? कोण त्याला कसं धरतं, तो कुणाकडे किती वेळ बघतो, हेच.

शेजारच्या शेवंताबाई सूत न्यायला आल्या, त्याला पाहून म्हणाल्या, "कौसल्ये, पोरगा तं तुह्यावरच गेला वो!"

"जाईन नाई तं का," कौशल्याबाई हसल्या. "खाते कोनाचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या संध्याकाळी यांच्यामागे लागून मी डब्याचं दूध आणवलं. बाळानं जीभ बाहेर काढून ते हनुवटीवर सांडलं. सासूबाई म्हणाल्या, "वासराले बी नाई देत आमी असलं!"

मग मी गोळी गिळणं बंद केलं. जिभेखाली धरायची, पाणी प्यायचं, पाठ वळली की फडक्यात थुंकायची. दोनतीन दिवसांत दूध स्वच्छ होईल असा माझा हिशेब. रसायनशास्त्र माझा विषय नव्हता. मराठी वाङ्मय होता.

बाजाराच्या दिवशी सासूबाई आणि कौशल्याबाई बाहेर पडल्या. पुढच्या खोलीत भासरे, यांचे थोरले भाऊ, हातमागावर होते, खटखट चालू होती. बाळ उठलं. मी विटांवरच्या खाटेवरून खाली सरकले. पाय ओंडक्यासारखा मागून आला. पाळण्यापर्यंत बसत बसत गेले, त्याला काढलं, छातीशी लावलं. त्यानं ओढलं. पुन्हा ओढलं. माझ्या सगळ्या अंगातून काहीतरी त्याच्याकडे धावलं, पण दूध काही आलं नाही. त्यानं तोंड सोडलं, माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि टाहो फोडला.

दारात कौशल्याबाई उभ्या होत्या. टोपली अजून डोक्यावर.

"काय करून राहिली तू?"

"माझं मूल आहे."

"मंग? मी कोनाचं म्हनली?"

"तुम्ही त्याला माहा वाघ म्हणता."

म्हणता म्हणता मलाच ते कसंतरी वाटलं. त्यांनी टोपली खाली ठेवली. माझ्याकडे, पायाकडे, उशाखालून बाहेर आलेल्या फडक्याकडे पाहिलं.

"गोळी घेतली का आज? काल?"

मी बाळाला पदराखाली ओढलं.

"अवं, मरायचं आहे का तुले? मर मंग. तू मेली तं हा माहाच होईन, कायमचा. थे पायजे का?" त्यांचा आवाज चढला, तसा पुढचा माग थांबला. त्या हळू झाल्या. "तुले वाटते मले लय हौस आहे. मंदी तिकडं भितीले टेकून बोट चोखते. मले दिसत नाई का?"

त्यांनी मला खाटेवर चढवलं, गोळी हातावर ठेवली आणि घशाखाली उतरेपर्यंत तोंडाकडे बघत राहिल्या. मग बाळाला घेऊन बसल्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

पोळ्याच्या सुमारास गोळ्या सुटल्या. पाय जन्मभर थोडा जड राहील, पट्टी बांधत जा, असं डॉक्टर म्हणाले. माझं दूध तोवर आटूनच गेलं होतं, पण बाळ पेज खाण्याजोगं झालं होतं. घरी आल्या आल्या मी वाटी-चमचा घेतला.

"बाई, आता त्याला मीच भरवत जाईन. निजायलाही माझ्याचपाशी."

"बरं झालं माय," त्या म्हणाल्या. "सुटली मी."

दुपारी त्या खांबाशी बसल्या. मंदी अंगणात चिंचोक्यांशी खेळत होती.

"मंदे, ये वो माय. ये, पी."

त्यांनी पदर बाजूला केला. मंदी आली. समोर उभी राहून तिनं आईकडे नीट बघितलं. मग मोठ्या बायका एकमेकींचं सावरतात तसं तिनं पदराचं टोक धरलं, आईच्या छातीवर ओढून दिलं आणि पुन्हा खेळायला गेली.

कौशल्याबाई तशाच बसून राहिल्या. पदराखाली पोलकं भिजत चाललं होतं. माझ्या मांडीवरच्या बाळाला वास आला असावा. त्यानं तिकडे मान वळवली. मी हनुवटीला बोट लावून ती इकडे फिरवली आणि पेजेचा चमचा त्याच्या तोंडात घातला.