हाव म्हणजे लोभ

पुण्याच्या प्रीतमला भूत हवं होतं, पण ओल्या साडीतलं. मोबाइलवर खेळायचा गुप्तहेराचा खेळ तो काढत होता. पडद्यावर चित्रं येणार, पात्रं बोलणार आणि पुढं काय करायचं ते खेळणाऱ्यानं बटण दाबून ठरवायचं. 'फक्त प्रौढांसाठी' ही पाटी आधी ठरली, गोष्ट नंतर. विहिरीतून बाई निघावी, गुप्तहेराच्या गळ्यात पडावी आणि जमलं तर मधूनमधून खुनाचा तपासही व्हावा, एवढीच त्याची अक्कल. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत खेळाची गोष्ट लिहिणाऱ्या उदगीरच्या मंजुश्रीनं त्याला पाहिजे तेवढी साडी ओली करून दिली. तिला त्या खेळातला एकच प्रसंग हवा होता. बाकीचं त्यानं खुशाल चाटत बसावं.

तो प्रसंग शेवटचा. विहिरीच्या काठावर गुप्तहेराला भुताला एकच प्रश्न विचारता येतो, आणि बटणं तीन. तुला आसरांनी ओढलं? तुझा पाय घसरला? तुला नवऱ्यानं ढकललं? पहिल्या दोन्हींना भूत 'न्हाई' म्हणतं. तिसऱ्याला म्हणतं, 'हाव'. उदगीरकडं होकार देतात तो असाच.

ही विहीर काही मंजुश्रीनं कल्पनेत खणली नव्हती. तिचे वडील मलप्पा यांची पहिली बायको बसम्मा मळ्यातल्या विहिरीत गेली होती. पाण्यातल्या आसरांनी नेली, असं घरानं सांगितलं आणि गावानं मान डोलावली. पोलिसांनीही डोलावली, कारण देवतांवर गुन्हा कोण नोंदवणार? वर्ष सरायच्या आत बसम्माची पाठची बहीण शिवम्मा त्याच घरात दिली. ती मंजुश्रीची आई. मलप्पा आता मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, बडे अडते. मठाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचे, कपाळावर भस्माचे पट्टे असे ठसठशीत की शेवटच्या रांगेलाही दिसावेत. त्यांनीच ढकलल्याची कुजबुज मंजुश्रीच्या कानावर लहानपणापासून होती. तिला ते एकदा आईच्या, म्हणजे अव्वाच्या, तोंडून ऐकायचं होतं. घरी विचारलं की अव्वा म्हणे, "आसरांनी नेली गं," आणि तव्यावरची भाकरी उलटवी.

मंजुश्रीला अप्पांची चीड होती, पण किळस यायची ती अव्वाची. बहिणीचा जीव गेला आणि हिनं तिच्या पाटल्या स्वतःच्या हातात चढवल्या. दुमजली घर, मोंढ्यातलं दुकान, कपाटभर इरकली साड्या. तोंड शिवून घ्यायला एवढं पुष्कळ झालं, असा लेकीचा निवाडा होता, आणि तो तिनं आजवर बदलला नव्हता.

पुण्याच्या नटीनं 'न्हाई' म्हणून पाहिलं, तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं वाटलं. तेव्हा मंजुश्रीच म्हणाली की माझी आई म्हणेल. भुताच्या गोष्टीला आवाज द्यायचाय, दोनच शब्द आहेत, असं सांगून तिनं अव्वाला एसटीनं लातूरला आणलं. शिकवणीवाल्यांची व्हिडिओ काढायची खोली भाड्यानं घेतली होती. भिंतींना स्पंज लावलेला, फळ्यावर बेंझीनचा षटकोन तसाच राहिलेला. काचेपलीकडं यंत्रांपाशी प्रीतम बसला होता. लातुरात धड कॉफी मिळत नाही, हे तो सकाळपासून प्रत्येकाला सांगत होता.

अव्वानं पदरावरून हेडफोन चढवला. समोर दुसरा हेडफोन लावून, गुप्तहेराचे प्रश्न घेऊन मंजुश्री बसली. अव्वानं हातातल्या कागदावर बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

"मंजू, हितं 'लोभ' म्हनून लिवलंय. ह्ये कशापायी?"

प्रीतमचा आवाज हेडफोनमधून आला. "ते मी शुद्ध केलंय. तू 'हाव' लिहिलं होतंस ना? हाव म्हणजे लोभ. त्यावरून मला अख्खा शेवटच सुचला! विहिरीच्या तळाला दागिने असतात, बाईला लोभ सुटतो, ती उतरते आणि बुडते. नवरा निर्दोष! कुणाला वाटणारसुद्धा नाही."

मंजुश्री मोठ्यानं हसली. "हाव म्हणजे हो, प्रीतम सर. आमच्याकडं हो म्हणायला हाव म्हणतात."

"मग 'हो'च लिहायचं. मालिकांमधली खेडवळ माणसंही हो म्हणतात. आता चित्रं तयार झालीत. मावशी, तुम्ही लोभच म्हणा."

एवढी शाळा शिकून माणूस इतका ठार अडाणी कसा राहतो, याचं तिला नवल वाटलं. भांडून उठावं असंही वाटलं. पण उठली असती तर अव्वाही उठली असती, आणि पुन्हा कधी बसली नसती. "चालू करा," ती म्हणाली.

"तुला आसरांनी ओढलं?"

काचेपलीकडं प्रीतमनं हात हलवला. अव्वाचा हात पदराखाली गेला आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर मूठ वळली.

"न्हाई."

"तुझा पाय घसरला?"

"न्हाई."

मंजुश्रीनं तिसरा प्रश्न वाचला. "तुला नवऱ्यानं ढकललं?"

अव्वानं कागदाची घडी घातली आणि मांडीखाली सारली. "हाव."

"मावशी, लोभ! लो-भ!"

मंजुश्रीनं हेडफोन काढून आदळला. जे ऐकायला एवढा खटाटोप केला ते ऐकलं, आणि तिला नुसता संताप आला. "म्हंजे तुला ठावं व्हतं! आन तरी त्याच्या घरात नांदलीस? पाटल्यांसाठी?"

अव्वा म्हणाली, "अक्काकडं ऱ्हायला आल्ते मी. न्याहारी घिऊन मळ्यात गेल्ते. कडब्याच्या गंजीपासून म्या बघितलं. आन म्या बघितलं ते त्यानं बघितलं. म्हनून तर मलाच मागून घेतली. डोळ्याम्होरं ऱ्हावी म्हनून."

"न्हाई म्हनायचं व्हतंस."

"मला कुनी इचारलं? पोरीला हाव का न्हाई, ह्ये इचारत न्हवते तवा. अक्काच्या पाटल्या त्यानंच घातल्या माज्या हातात. रोज दिसाव्या म्हनून."

प्रीतमनं हाव वाचून लोभ असा अर्थ लावला, म्हणून मंजुश्री हसली होती. तिनं तरी दुसरं काय केलं होतं? एवढी वर्षं ती आईकडं बघून तोच अर्थ लावत आली होती, आणि प्रीतम निदान परका होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"अहो, काय चाललंय? यंत्र चालू आहे इथे," प्रीतम काच वाजवत होता.

"चालूच राहू द्या," मंजुश्री म्हणाली. तिनं हेडफोन परत चढवला आणि प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला. "अव्वा, आनिक एकदा इचारू?"

"इचार."

"बसम्माला मलप्पांनी ढकललं?"

"ही नावं कुणाची? गोष्टीत नाहीत ही!" प्रीतम ओरडला.

"हाव," अव्वा म्हणाली.