दोन वीत खोल

मी एक जुना खांब आहे, मित्रांनो, आणि गेली तीन वर्षं मी खोटं सांगत आलो आहे. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं ऐकून माझी उगाच कीव करू नका.

सुतारानं मला जाड वाशातून तासून काढलं, डांबर पाजलं आणि अंगावर पांढऱ्या रंगात एक ते सहा आकडे घातले. दोन आकड्यांमध्ये बरोबर एक वीत. मग मला कुरणात, बांधाजवळ रोवलं. हे कुरण वर्षातले चार-पाच महिने पाण्याखाली असतं. पाणी भरलं की सारस येतात, माणसाएवढे उंच, लाल डोक्याचे. असे पक्षी आता फार थोडे उरलेत. ते पाण्यात गवताचा ढीग रचून त्यावर दोन अंडी घालतात. भोवतीचं पाणी हीच त्यांची भिंत. पाणी फार चढलं तर अंडी बुडतात, फार उतरलं तर कुत्री चालत येतात.

पाणी किती आहे, ते मी सांगायचो. बांधाला लाकडी फळ्यांचं दार आहे. ते सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पाटकरी म्हणतात. रोज सकाळी तो चहाचा पेला घेऊन बांधावर यायचा आणि मला वाचायचा. पाणी तीनच्या वर गेलं की एक फळी काढायची, दोनच्या खाली आलं की घालायची, एवढाच त्याचा कायदा. आमचा खांब कधी चुकत नाही, असं तो आल्यागेल्याला सांगे. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, लाकडाला चढेल तेवढं.

त्याची लेक पक्षी मोजायची. दुर्बीण लावून तासन्‌तास बांधावर बसायची. अंडी असताना गवतात कुणी पाय ठेवायचा नाही, हा तिचा नियम. बापालाही त्यातून सूट नव्हती. बाप तिला जनगणनावाल्या बाई म्हणून चिडवायचा. तेव्हा सात जोड्या होत्या.

मग एका उन्हाळ्यात एक म्हैस रोज माझ्यावर अंग घासायला लागली. घासून घासून तिनं मला पार कलतं केलं. पाटकऱ्याला ते बघवेना. त्यानं मला सरळ केलं, पुन्हा कलू नये म्हणून घण आणला आणि घाम गळेपर्यंत ठोकलं. मी दोन वीत खोल गेलो. माझ्याबरोबर माझे आकडेही खाली गेले, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. पण खांबाला कुठलं तोंड?

त्या वर्षी पाणी जेमतेम वीतभर असताना मी तीन दाखवले. थोडं चढताच त्यानं फळी काढली. अंडी बुडू नयेत म्हणून काढली, मित्रांनो. त्या वर्षी एकही पिल्लू उडालं नाही. पुढच्या वर्षी चारच जोड्या आल्या, आणि यंदा दोन. सरकारातले मोठे साहेब येऊन बांधावरूनच बघून गेले. पक्ष्यांनीच जागा सोडली, असं म्हणाले. यंदाही पिल्लू झालं नाही, तर बांध फोडून कुरण नांगराखाली जाणार, असं ठरलं. तेव्हापासून पाटकरी दिवसातून तीनदा येऊ लागला, डोळ्यांत तेल घालून मला वाचू लागला. तो जितकं नीट वाचायचा, तितकं नीट पाणी सोडायचा. मला लाज वाटायची.

चार दिवसांपूर्वी लेकीला दुर्बिणीतून एक कुत्रं दिसलं. ते एका घरट्याकडे पोहत नव्हतं, चालत होतं. पाठ कोरडी होती. दोन्ही अंडी गेली. मग तिनं स्वतःचाच नियम मोडला. ती पाण्यात उतरली, माझ्यापाशी आली आणि माझ्या तीनवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, इकडे या," ती म्हणाली. "हा तीन म्हणतोय. पूर्वी तीनला माझी मांडी भिजायची. आज बघा, पोटरीपण धड बुडत नाहीये."

पाटकरी आला. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मीच ठोकला गं याला," तो म्हणाला. "मीच."

लेकीनं त्याला बोल लावला नाही. आधी फळ्या घाला, एवढंच म्हणाली.

फळ्या घातल्या. पण पाऊस संपला होता, गेलेलं पाणी कुठून येणार? मला उपटून नीट बसवायला गेले, तर बूड कुजलेलं. मी मातीलगतच मोडलो. वरचा तुकडा पाटकऱ्याच्या हातात राहिला.

आता एकच घरटं आहे. भोवती घोटाभर पाणी. अंडी फुटायला आठ दिवस आहेत. बापलेक आळीपाळीनं पाण्यात उभे राहतात, पक्षी बिचकणार नाहीत इतक्या लांब, घरटं आणि कुत्री यांच्या मध्ये. पाटकऱ्याच्या हातात मी असतो. बांधावर चार कुत्री बसलीत. त्यांना काही घाई नाही. काल उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला, तर एक कुत्रं दहा पावलांवर आलं. मी त्याच्या मुठीत होतो आणि काही करू शकलो नाही. लेक ओरडली म्हणून घरटं वाचलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं काहीतरी असेल, ज्याच्यावर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवता. त्याला रंग द्या, सरळ करा, जरूर करा. पण वर्षातून एकदा तरी स्वतः पाण्यात उतरा आणि आपल्या पायानं पाणी मोजा. पाटकऱ्याची माझ्यावर माया होती. ती पुरली नाही.

माझ्या अंगावर तीनचा आकडा अजून स्वच्छ दिसतो. पाणी तिथवर यायला पुढचं वर्ष यावं लागेल, आणि पुढचं वर्ष या आठ दिवसांवर अवलंबून आहे. एक कुत्रं आत्ताच उठलंय. पाटकऱ्यानं मला दोन्ही हातांनी धरलंय.